चारशे बारा मैल

सॅगिनॉच्या उत्तरेला, जिथे फुटपाथ संपतो
आणि बीटची शेतं सुरू होतात,
तिथल्या एका गॅरेजात ती उभी आहे.
लोरेन कोवाल्चिक तिच्यावरची चादर काढते
आजाऱ्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी,
पायाकडून.

आठ सिलिंडर. सातशे घोडे.
नऊ वर्षांत चारशे बारा मैल.
सीटवर अजून कारखान्याचं प्लास्टिक,
काचेवर किमतीचा कागद, कडांनी पिवळा.

आमच्यात नवं लुगडं पहिल्यांदा नेसलं
की घडी मोडली म्हणतात.
हिची घडी कुणी मोडलेलीच नाही,
नुसती उलगडून बघितली, पुन्हा ठेवली.

हेरंब म्हणाला होता, डोळे मिटून घे.
असली इंजिनं आता होणे नाही,
पुढच्या सगळ्या बॅटरीवरच्या, मुक्या.
दहा वर्षं हात लावू नकोस, मग बघ.

मी हिशेबाचा माणूस. रात्री वही घेऊन बसलो.
विमा. गॅरेजची ऊब.
बॅटरीला अष्टौप्रहर लावलेला चार्जर, सलाईनसारखा.
उभ्या उभ्या चपटे पडणारे टायर.
उंदीर. हो, उंदीर,
वायरींवरचं वेष्टण त्यांना आवडतं म्हणे.
आणि तेच पैसे मुकाट्याने फंडात टाकले असते तर.
शेवटची ओळ लाल शाईत आली.
शलाका खांद्यावरून वाचून म्हणाली,
"मग जातोयस कशाला?"
त्याला वहीत रकाना नव्हता.
पंचावन्न वर्षांत मी वॉरंटी नसलेली
एकही वस्तू घेतलेली नाही, एवढंच सांगतो.

"वॉल्ट ओतशाळेत होता," लोरेन म्हणते,
"एकतीस वर्षं. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा घेतली.
म्हणाला, ही आपली ठेव.
रविवारी इथे खुर्ची टाकून बसायचा.
सुरू करायचा, पाच मिनिटं ऐकायचा, बंद.
पावसात नाही. मीठ टाकलेल्या रस्त्यावर नाही.
माझ्या बहिणीला पुरलं तेव्हाही
आम्ही व्हॅननेच गेलो."

मी विचारतो, तुम्ही कधी चालवलीत?
ती स्वेटरच्या खिशातून लाल किल्ली काढते.
"बसा."

प्लास्टिक करकरलं.
मग जो आवाज झाला तो मला लिहिता येणार नाही.
भिंतीवरचे पाने खिळ्यांना धरून थरथरले,
शेजारचं कुत्रं भुंकायचं विसरलं,
माझ्या बरगड्यांतून कुणीतरी ओंडका ओढत नेला.
बीटच्या ट्रकांनी रस्ताभर चिखल सांडलेला,
त्यातून आम्ही धान्याच्या कोठारापर्यंत
आणि तिथून वळून परत.
एकाहत्तर वर्षांची बाई, दोन्ही हात चाकावर,
चष्मा नाकाच्या शेंड्याशी घसरलेला,
वर करायला हात मोकळा नाही.
ऐंशीच्या पुढे ती काही बोलली नाही.
मीही नाही.

चारशे सोळा.

उतरल्यावर तिने दारावरचा चिखल बघितला,
अंगठ्याने थोडा पुसला, थोडा राहू दिला.
"चार मैलांचे किती कापाल?" म्हणाली,
आणि सांगायला शरम वाटते,
माझ्या डोक्यात आकडा तयार होता.

परत येताना माझी टोयोटा
नेहमीसारखीच वागली, एक शब्द न बोलता.
पेट्रोल पंपावर थांबून शलाकाला फोन केला.
"मग? घ्यायची?"
ठेवायला घेऊ नये, म्हणालो. तोटा आहे.
"बरं झालं."
सीटवरचं ते प्लास्टिक, मी विचारलं,
आपल्याकडे निळ्या डब्यात घेतात का?

ती बराच वेळ गप्प होती.
पंपावरचे आकडे धावत होते.
मग म्हणाली,
"नसावेत बहुतेक."